धावपट्टीवर सोडे वाळत घालू नयेत

सागरदीप सोसायटीच्या गच्चीवर विमानाची धावपट्टी रंगवली ती सावनी साळवीने, आणि त्याबद्दल तिला तिळमात्र पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे सोसायटीची तातडीची सभा आहे, एका शिक्षकांचं आपटणं आहे आणि सावनीच्या बाबांचा पायजमा आहे. ह्या भानगडीत ती कुठेतरी माफी मागेल अशी कुणाची समजूत व्हायला नको.

सुरुवात झाली नववी 'ब'च्या वर्गात. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं आणि भाटकर सर एकेकाला उभं करून कुठलं मॉडेल करणार ते विचारत होते. सरांच्या मते विज्ञानाने आजवर तीनच गोष्टी शोधल्या: ज्वालामुखी, सौरचूल आणि ठिबक सिंचन. पहिल्या बाकावरच्या वेदने ज्वालामुखी पटकावला. सावनीची पाळी आली तेव्हा ठिबक सिंचन तिची वाट बघत होतं.

"विमानतळ," सावनी म्हणाली. "धावपट्टी, तिच्यावरच्या खुणा आणि दिवे."

"रत्नागिरीत विमान उतरताना पाहिलंयस कधी?"

"विमानतळ आहे ना सर, वर सड्याच्या माळावर."

"सडा मीही पाहिलाय. बरं, काय असतं धावपट्टीवर? रस्ताच तो."

वाचनालयातलं विमानतळांवरचं जाडजूड पुस्तक सावनीने दोनदा वाचलं होतं. त्यामुळे तिने उत्साहाने सांगायला घेतलं, की रस्ता नव्हे, धावपट्टीला नंबर असतो, आणि तोही एक नाही, दोन. एका टोकाला शून्य नऊ असेल तर दुसऱ्या टोकाला सत्तावीस.

सर चष्म्यावरून बघत राहिले. "एका रस्त्याला दोन नंबर. म्हणजे शाळेत येताना हा टिळक रस्ता आणि घरी जाताना गांधी रस्ता, असं ना?"

वर्ग हसला. वेद बाकावर डोकं टेकून हसला, हे सावनीने खास लक्षात ठेवलं.

गेल्या वर्षीची सावनी असती तर खाली बसून गेली असती. पण ह्या वर्षी, म्हणजे २००३ साली, तिने वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलं होतं आणि तेव्हापासून तिचा आवाज आपोआप मोठा यायला लागला होता. घरात त्याला आगाऊपणा म्हणत. सावनीचं म्हणणं, आवाज पहिल्यापासून होताच, त्याला बोलवायला कुणी गेलं नव्हतं.

"सर, दोन नंबर कसे असतात ते मी दाखवते. रविवारी शाळेचं होकायंत्र घेऊन आमच्याकडे या. मी चुकले तर वर्गासमोर ठिबक सिंचन करीन."

"आणि नाही चुकलीस तर?"

"तर तुम्ही वर्गासमोर म्हणायचं, की दोन नंबर असतात."

सर म्हणाले, "येतो." त्यांच्या तोंडून ते कसं निघालं हे त्यांनाही कळलं नसावं.

आता मॉडेल टेबलावर का केलं नाही, असा शहाणा प्रश्न नंतर बऱ्याच जणांनी विचारला. त्याचं उत्तर असं, की टेबलभर लांब धावपट्टी केली तर तिची रुंदी दोन बोटं निघते. दोन बोटांत बारा पट्टे कसे काढणार? धावपट्टी जिथे सुरू होते तिथे आडव्या ओळीत लांबट पांढरे पट्टे असतात, पियानोच्या पट्ट्यांसारखे, आणि ते किती आहेत त्यावरून पट्टीची रुंदी कळते. पंचेचाळीस मीटर रुंदीला बारा. सावनीला बाराच हवे होते. कमीपणा घ्यायची तिची तयारी नव्हती.

आणि गच्ची तर जणू वाटच बघत होती. पावसाळ्यात गळते म्हणून सोसायटीने तिच्यावर डांबर घालून घेतलं होतं. काळीभोर, लांबट, एक टोक भाट्याच्या खाडीकडे आणि दुसरं पूर्वेला. घरात खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट होता. सावनीने शनिवारी दुपारी, सोसायटी जेवून आडवी झालेली असताना, काम उरकलं. खाडीच्या टोकाला बारा पट्टे आणि 09. पूर्वेच्या टोकाला बारा पट्टे आणि 27. मधोमध तुटक रेघ. जिन्याच्या दाराशी पिवळ्या रंगात थांबण्याची रेषा: दाराच्या बाजूला दोन सलग रेघा, पट्टीच्या बाजूला दोन तुटक. सलग रेघा समोर आल्या की थांबायचं आणि परवानगी विचारूनच पुढे पाऊल टाकायचं, असा जगभरच्या वैमानिकांचा शिरस्ता आहे. पाण्याच्या टाकीवरच्या काठीला वाऱ्याची पिशवीही टांगली. तिच्यासाठी नळीसारखं कापड लागतं, आणि नळीसारखं कापड म्हणजे पायजम्याचा पाय. दुसरा पाय तिने घडी घालून कपाटात परत ठेवला होता, हे लक्षात घ्यावं.

बाबा संध्याकाळी वर आले आणि बराच वेळ काठीकडे बघत उभे राहिले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. गच्चीवर खिळा ठोकायचा तरी अर्ज, सूचक, अनुमोदक आणि सभेची मंजुरी, हा नियम त्यांनीच लिहिलेला.

"तो माझा आहे का?" त्यांनी विचारलं.

"एकच पाय, बाबा."

"सोसायटीच्या डोक्यावर सेक्रेटरीचा पायजमा." बाबा खाली गेले. त्या रात्री ते नेहमीपेक्षा कमी जेवले, असं आई म्हणाली.

गच्चीवरची खरी सत्ता मात्र सेक्रेटरीकडे नव्हती. ती वाळवणाकडे होती. दिवाळी झाली की सागरदीपच्या गच्चीवर जागेसाठी जी लढाई चालायची तिला तोड नव्हती. चार नंबरच्या वासंती काकू हेदवीच्या वाडीतली सुपारी वाळत घालायच्या. नऊ नंबरच्या सुरय्या चाची कोळंबी सोलून सोडे घालायच्या. कुणाच्या खोबऱ्याच्या वाट्या, कुणाच्या मिरच्या. जो पहाटे आधी येईल त्याची जागा, आणि म्हणून काकू पहाटे चटई टाकून परत झोपायला जायच्या. चाचींनी ती एकदा गुंडाळून टाकीमागे ठेवली होती, तेव्हापासून दोघींचं बोलणं फक्त वाळवणात शिरणाऱ्या मांजराच्या विषयावर व्हायचं.

रविवारी सकाळी काकू वर आल्या, पट्टे मोजले आणि थबकल्या. बारा पट्टे. सोसायटीत घरं बारा. प्रत्येक पट्टा एक सूप बरोब्बर मावेल एवढा. काकूंचा सेक्रेटरीबद्दलचा आदर एका मिनिटात दुप्पट झाला.

"साळवींनी हिस्से करून दिले हो," त्या जिन्यातून सांगत उतरल्या. "मोजून बारा. आणि दोन टोकांना दोनदा. खाडीकडे शाकाहारी, पलीकडे मासळी. इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही."

सावनी दात घासून वर पोचेपर्यंत तिच्या धावपट्टीच्या नऊच्या टोकावर सुपारी, खोबरं आणि मिरच्या उतरल्या होत्या, आणि सत्तावीसच्या टोकावर सोडे. पिवळ्या रेषेवर कुणाच्या तरी ओल्या चपला सुकत होत्या.

"चाची, ह्या सगळ्या खुणा आहेत. विमानासाठी."

"असू दे गो. विमान आलं की उचलते मी," चाची म्हणाल्या, आणि सोडे पालथे करायला लागल्या. मग जरा थांबून, "पण माझा नऊ नंबर तिकडे सुपारीच्या टोकाला का लिहिलास? मला इकडे हवा होता. आणि एकट्या माझाच नंबर एवढा मोठा काढलास, ते बाकीच्यांच्या डोळ्यावर येतं."

त्या दुपारपर्यंत दुसरा प्रश्न जिन्यात पोचला. नऊ ठीक आहे, पण सत्तावीस नंबरचा फ्लॅट कुठला? घरं बारा. म्हणजे वर मजले चढवणार. गच्ची जाणार. सेक्रेटरींनी गुपचूप ठरवलं आणि मुलीकडून आखणी करून घेतली. आदर जितक्या वेगाने दुप्पट झाला होता तितक्याच वेगाने निम्म्यावर आला, आणि बाबांच्या हातात संध्याकाळी तातडीच्या सभेची मागणी पडली, बारापैकी अकरा सह्यांची. अकरावी सही आईची होती. तिला वाटलं, गॅस सिलिंडरची पावती आहे.

ह्यात मुसा चाचांची भर पडायची होतीच. मुसा चाचा सुरय्या चाचींचे यजमान. उभं आयुष्य बोटीवर काढून आता घरी बसलेले, आणि घरी बसणं त्यांना जमत नव्हतं. सावनी गणपतीच्या तोरणातल्या दिव्यांना रंगीत जिलेटिन गुंडाळत असताना ते शेजारी येऊन बसले.

"डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा," चाचा म्हणाले.

"चाचा, विमानतळावर कडेचे दिवे पांढरे. सुरुवातीला हिरवे आणि शेवटी लाल."

"बेटी, दाभोळच्या खाडीत मी अंधारात शिरलोय. कुणाला शिकवतेस?"

तिची पाठ वळताच चाचांनी मायेने सगळे दिवे बदलून दिले. आता ती धावपट्टी नव्हती, दाभोळचं बंदर होतं.

आणि त्याच क्षणी भाटकर सर आले. खिशात शाळेचं होकायंत्र, कपाळावर रविवार मोडल्याची आठी.

"सर, तिथेच थांबा," सावनी ओरडली. "पिवळी रेषा आहे. आधी विचारायचं असतं."

"गच्चीवर यायला परवानगी?" सर हसले, आणि रेषा ओलांडून तरातरा खाडीच्या टोकाकडे निघाले. त्यांना 09 बघायचा होता. वाटेत वासंती काकूंची सुपारी होती. आता सालासकट सुपारी म्हणजे काय चीज आहे, ते तिच्यावर पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. सरांचा एक पाय पूर्वेला गेला, एक पश्चिमेला, आणि उरलेले सर होते तिथेच बसले. होकायंत्र घरंगळत खोबऱ्याच्या वाटीत गेलं.

कुणी हसलं नाही. चाचांनी तोंड फिरवलं, ते सभ्यतेने. काकू धावत आल्या आणि सुपारी मोजायला लागल्या.

"प्रकल्प रद्द," सर उठत म्हणाले. "ह्याला विज्ञान म्हणत नाहीत. ह्याला बाजार म्हणतात. उद्यापासून ठिबक सिंचन."

"सर, पण नंबर तर तुम्ही बघितलेच नाहीत."

सर लंगडत जिना उतरले. सोमवारी वर्गात वेदने तिच्या बाकावर प्लॅस्टिकची नळी आणून ठेवली, ठिबकसाठी.

आता इथे एखादी समजूतदार मुलगी थांबली असती. सावनीने ती नळी वेदच्या दप्तरात परत घातली, घरी आली, आणि आईच्या कपाटातल्या दोन पांढऱ्या चादरी घेऊन वर गेली. धावपट्टी बंद असेल तर तिच्यावर मोठी पांढरी फुली काढतात. वरून वैमानिकाला दिसते आणि तो उतरत नाही. सावनीने सगळी वाळवणं काळजीपूर्वक कडेला नेऊन ठेवली, एकही सुपारी इकडची तिकडे न करता, आणि मधोमध चादरींची फुली अंथरून टोकांवर विटा ठेवल्या.

वैमानिक नव्हता, पण फुली पोचली. अख्खी सोसायटी वर आली. त्यांना वाटलं, हिस्से रद्द झाले. सभा पुढच्या आठवड्यात होती, ती तिथेच, दिवेलागणीला, टाकीशेजारी भरली.

"हे काय आहे साळवी?" काकूंनी विचारलं. "आधी देता, मग फुली मारता. आणि ते सत्तावीस फ्लॅट?"

बाबा उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून सावनीला वाटलं, आता गच्चीवर परत डांबर ओतायचा ठराव येणार. कुणीतरी तो मांडलाही होता. "कन्येने केलेल्या..." एवढं बाबा म्हणाले, आणि वर काठीकडे बघितलं. त्यांच्या पायजम्याचा पाय खाडीच्या वाऱ्याने टरटरून फुगला होता आणि पूर्वेकडे बोट दाखवत होता. काय वाटलं कोण जाणे, बाबा म्हणाले, "सेक्रेटरी ह्या नात्याने मी आधी कन्येला बोलायला सांगतो. नंतर ओता काय ते."

सावनी टाकीच्या पायरीवर चढली. वक्तृत्वाचा आवाज आला, आणि ह्या वेळी त्याला कुणी आगाऊपणा म्हटलं नाही.

"सत्तावीस फ्लॅट नाहीत. दोनशे सत्तर अंश आहेत, शेवटचा शून्य काढून. त्या टोकाला उभं राहून पट्टीकडे तोंड केलं की तुम्ही पश्चिमेला बघता. आणि खाडीच्या टोकाला उभं राहिलं की पूर्वेला, म्हणजे नव्वद. म्हणून नऊ. चाची, तो तुमचा नंबर नाही."

"तरीच," काकू म्हणाल्या.

"एकाच रस्त्याला दोन नंबर कशाला हवेत पण?" मागून कुणीतरी विचारलं. अगदी भाटकर सरांचा प्रश्न.

सावनी पायरीवरून उतरून दिव्यांच्या बटणाशी गेली. तिने दुपारी चाचांचं बंदर मोडून पुन्हा विमानतळ केला होता. सत्तावीसच्या टोकाच्या दिव्यांना बाहेरून हिरवं आणि आतून लाल जिलेटिन लावलं होतं. तिने बटण दाबलं.

"काय रंग आहे?"

"हिरवा," टोकापलीकडे उभे होते ते म्हणाले.

"लाल," पट्टीवर उभे होते ते म्हणाले. काकू त्यांतच होत्या.

"डोळे तपासून घ्या वासंतीबाई, हिरवा आहे," चाची पलीकडून म्हणाल्या.

"मासळी खाऊन तुमची नजर चांगली असेल, पण लाल तो लाल."

भांडण चांगलंच रंगायला लागलं. सावनीने ते मन भरेपर्यंत रंगू दिलं. मग म्हणाली, "आता जागा बदला."

काकू पलीकडे गेल्या. चाची अलीकडे आल्या. दोघी एकमेकींना ओलांडताना थोड्या अडखळल्या.

"हिरवाच की," काकू हळूच म्हणाल्या.

"येणाऱ्याला हिरवा, म्हणजे इथून सुरुवात. जाणाऱ्याला तोच लाल, म्हणजे इथे संपलं," सावनी म्हणाली. "दिवा एकच. तुम्ही कुठून येता ते बघायचं. नंबराचंही तेच."

मुसा चाचांनी घसा साफ केला. "समुद्रात डावं-उजवं," ते सगळ्यांना समजावल्यासारखं म्हणाले. "इथे येणं-जाणं. मी म्हणतच होतो." ते असं काही म्हणत नव्हते, पण सावनीने सोडून दिलं. बंदराचा हिशेब नंतर.

डांबराचा ठराव बारगळला. तो विज्ञानामुळे बारगळला असं लिहायला सावनीला आवडलं असतं. पण खरं म्हणजे काकूंनी विचारलं, की पट्टे गेले तर परत पहाटे उठायचं का, आणि अख्ख्या सभेच्या अंगावर काटा आला. शेवटी बाबांनी इतिवृत्तात लिहिलं: धावपट्टी कायम. विमानं उतरत नसतील तेव्हा वाळवणास हरकत नाही. पायजम्याबाबत सेक्रेटरींची तक्रार नाही.

उरले भाटकर सर. सावनी दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिली. "सर, पैज अजून बाकी आहे. तुम्ही नंबर न बघता गेलात."

"मी पडलो होतो, सावनी."

"परवानगी न विचारता गेलात म्हणून पडलात. मी ठिबक सिंचन करणार नाही सर. नापास करा. पण मी चुकले म्हणून करा, सुपारी चुकली म्हणून नको."

सर फळ्याकडे वळले. त्यांनी परागीभवन सुरू केलं, आणि सावनीला वाटलं, संपलं. तो आठवडा तिने वेदच्या ज्वालामुखीत मीठ पडो अशी इच्छा करण्यात घालवला. शनिवारी मात्र दूध घालणाऱ्या दादूने एक बातमी आणली. "तुमचे ते लंगडे सर," तो किटली ठेवत म्हणाला, "सकाळी सड्यावर दिसले. विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून उभे. मी विचारलं काय हरवलं, तर म्हणाले, नंबर."

रविवारी संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. एकाची नव्हे, बऱ्याच जणांची. सावनी गच्चीवरच होती; तिने वळून बघितलं तर दारात भाटकर सर, आणि त्यांच्यामागे पायऱ्यांवर, अगदी खालच्या मजल्यापर्यंत, अख्खी नववी 'ब'. वेद मध्येच कुठेतरी चेंगरला होता.

सर दारातून बाहेर आले, आणि त्यांचा बूट पिवळ्या रेषेच्या अलीकडे, सलग रेघांसमोर, थांबला. मागे वर्ग एकमेकांवर आदळला. "काय झालं सर?" "पुढे सरका ना." सर सरकले नाहीत. त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं, टाकीवरच्या पायजम्याकडे नीट बघितलं, आणि मागच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा, फळ्यासमोरच्या आवाजात विचारलं:

"सावनी, कुठून येऊ? नऊने की सत्तावीसने?"

सावनीला ओरडायचं होतं, नाचायचं होतं, वेदचं तोंड बघायचं होतं. पण धावपट्टीवर शिस्त असते. तिने वाऱ्याकडे पाहिलं. खाडीकडून येत होता; विमान नेहमी वाऱ्याला सामोरं उतरतं.

"सत्तावीसने या सर," ती म्हणाली. "पण दोन मिनिटं थांबा. तिथे चाचींचे सोडे आहेत, ते आधी उडू देत."

आणि सर थांबले.